घरखर्चाची वही : जुन्या लॅपटॉपला वाढीव वॉरंटी घ्यावी काय?



या आठवड्याचे पान एका पत्राने उघडते. पत्र जुन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवरून आले आहे. लिहिणाऱ्या ताईंची थोरली लेक यंदा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेली. अभ्यासाला लॅपटॉप लागतो. पहिले वर्ष तिने मैत्रिणीच्या लॅपटॉपवर भागवले. मैत्रिणीचे काम आटोपले की रात्री उशिरा ही बसायची. यंदा नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला बरा भाव मिळाला, म्हणून नवरा-बायको लेकीला घेऊन पुण्याला गेले.

नव्या लॅपटॉपचे भाव ४५,००० च्या पुढे. ते काही झेपण्यासारखे नव्हते. एका दुकानात साफसूफ करून ठेवलेला जुना लॅपटॉप २४,००० रुपयांना पसंत पडला. दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी त्यातच होती. विसार म्हणून हजार रुपये दिले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, आणखी ४,२०० भरा आणि दोन वर्षे बिनघोर राहा." त्याने छापील कागद हातात दिला आणि उरलेले पैसे आणाल तेव्हा सांगा म्हणाला.

ताई लिहितात : "मालक म्हणतात, २४,००० घालतोच आहोत, तर ४,२०० कडे बघू नका. सासूबाई म्हणतात, जुन्या वस्तूला कसली आली आहे हमी? मला दोघांचेही पटते. हे ४,२०० लेकीच्या फीच्या पुढच्या हप्त्यातून काढावे लागतील. आणि लॅपटॉप बंद पडला तर पुन्हा दुसरा घेण्याची आमची ताकद नाही. काय करावे?" सोबत त्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे.

ताई, तुम्ही पैसे भरण्याआधी विचारलेत, निम्मे काम तिथेच झाले. आपल्यापैकी बरेच जण पैसे भरून मग विचारतात.

वॉरंटी म्हणजे काय विकत घेतो?

पहिल्याने एक गोष्ट मनात पक्की करू. वाढीव वॉरंटी घेतली म्हणून यंत्र टिकाऊ होत नाही. लॅपटॉप तोच राहतो. आपण विकत घेतो तो एक करार. अमुक बिघाड अमुक मुदतीत झाला तर दुरुस्तीचा खर्च समोरचा करील, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे हा विमाच झाला. पीक विम्याच्या कागदात कोणत्या नुकसानीला भरपाई मिळते आणि कोणत्या नाही हे लिहिलेले असते, तसेच याही कागदात लिहिलेले असते. 'बिनघोर राहा' हे दुकानदाराचे बोलणे झाले. ते कागदावर कुठेही नसते.

हे मी स्वतःच्या घरच्या अनुभवावरून सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही टीव्ही घेतला आणि विक्रेत्याच्या आग्रहावरून तीन वर्षांची वाढीव वॉरंटीही घेतली. कागद घडी करून कपाटात देवाच्या फोटोमागे ठेवला. दुसऱ्या पावसाळ्यात वीज कडाडली, दिवे लख्खकन मोठे झाले आणि टीव्ही गेला. मोठ्या विश्वासाने फोन केला. आठ दिवसांनी माणूस आला, त्याने मागचे झाकण उघडले, 'व्होल्टेजमुळे बिघाड' असे लिहिले आणि आमची सही घेऊन निघून गेला. मग मी तो कागद पहिल्यांदा वाचला. बारीक अक्षरात, सातव्या का आठव्या कलमात, वीज आणि व्होल्टेज यांमुळे झालेले नुकसान वगळल्याचे स्पष्ट लिहिले होते. माझी फसवणूक झाली असे मला म्हणता येईना. मी न वाचता पैसे दिले होते.

कागदाला विचारायचे पाच प्रश्न

तेव्हापासून असा कुठलाही कागद हाती आला की मी त्याला पाच प्रश्न विचारते. ताई, तुमच्या कागदालाही तेच विचारले.

पहिला प्रश्न : मुदत कधीपासून मोजणार? तुमच्या कागदावर दोन वर्षे खरेदीच्या तारखेपासून धरली आहेत. पण पहिले सहा महिने दुकानाची वॉरंटी तुम्हाला फुकट आहेच. म्हणजे ४,२०० रुपये तुम्ही २४ महिन्यांचे देत नाही, उरलेल्या १८ महिन्यांचे देता. महिन्याला १७५ रुपये वाटतात, प्रत्यक्षात २३३ पडतात. वाढीव वॉरंटी मूळची संपल्यावर सुरू व्हावी, हे विचारूनच घ्यायचे.

दुसरा प्रश्न : काय धरले आहे आणि काय वगळले आहे? तुमच्या कागदात मुख्य बोर्ड, डिस्क, पडदा आणि कीबोर्ड धरले आहेत. पण बॅटरी, चार्जर, पडद्याची बिजागरी, बाहेरचे कवच, फुटणे, पाणी-चहा सांडणे, उंदराने वायर कुरतडणे आणि व्होल्टेज हे सारे वगळले आहे. आता जुन्या लॅपटॉपचे आधी काय जाते ते पाहा. बॅटरी तर झिजणारच, जसे ट्रॅक्टरचे टायर झिजतात. बिजागरी ढिली होते, चार्जरची वायर तुटते. म्हणजे जे हमखास जाणार ते बाहेर, आणि जे क्वचित जाते ते आत.

तिसरा प्रश्न : हमी कोणाची? लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची, दुकानदाराची की तिसऱ्याच कोणाची? तुमच्या कागदावर तिसऱ्याच एका कंपनीचे नाव आहे. दुकानदार फक्त तिचा कागद विकतो. उद्या तक्रार घेऊन गेलात तर तो म्हणेल, "त्यांना फोन करा."

चौथा प्रश्न : दुरुस्ती कुठे आणि कोणाच्या खर्चाने? तुमच्या कागदात लिहिले आहे की यंत्र पुण्याच्या केंद्रावर आणून द्यायचे आणि तिथूनच परत न्यायचे. शिवाय दर तक्रारीला तपासणीचे ५०० रुपये वेगळे.

पाचवा प्रश्न : भरपाईला मर्यादा आहे काय? काही कागदांत वस्तूची किंमत वर्षागणिक घसरवतात आणि त्या घसरलेल्या किमतीपुरतीच जबाबदारी घेतात. काहींत मजुरी त्यांची, पण सुटा भाग आपल्या पैशाने. तुमच्या कागदात ही अट नाही, एवढे बरे आहे.

आता वहीत मांडू

माझ्या ओळखीच्या एका कारागिराला मी तुमच्या लॅपटॉपसारख्या यंत्राच्या दुरुस्तीचे अंदाज विचारले. मजुरीसह त्याने असे सांगितले : कीबोर्ड १,५००, डिस्क ३,०००, पडदा ५,०००, मुख्य बोर्ड पुरता बदलायचा झाला तर ९,०००. गावाप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे हे आकडे बदलतील, तेव्हा तुमच्या तालुक्याच्या कारागिराला जरूर विचारा.

मग वॉरंटी असली तर दुरुस्ती फुकट होईल काय? पुण्याची एक फेरी म्हणजे एसटी आणि चहापाणी मिळून ४०० धरू, बुडालेला रोज ५०० धरू. झाले ९००. द्यायला एक फेरी, आणायला एक फेरी, म्हणजे १,८००. त्यात तपासणीचे ५०० मिळवा. एका 'फुकट' दुरुस्तीला २,३०० रुपये लागले!

आता ताडून पाहा. कीबोर्ड गेला तर गावाकडे १,५०० मध्ये काम होते. वॉरंटीतून करायला २,३०० लागतील, म्हणजे कोणी जाणारच नाही. डिस्क गेली तर ७०० वाचतील. पडदा गेला तर २,७०० वाचतील. यातल्या एकानेही तुमचे ४,२०० भरून निघत नाहीत. मुख्य बोर्ड पुरता गेला तरच ६,७०० वाचतील. त्यातून ४,२०० वजा केले की हातात खरा फायदा राहिला २,५०० रुपयांचा.

थोडक्यात, एक मोठ्यात मोठा बिघाड झाला तर वॉरंटी न घेतल्याचा तोटा २,५००, आणि काहीच बिघडले नाही तर वॉरंटी घेतल्याचा तोटा ४,२००. दोन मोठे बिघाड एकापाठोपाठ आले तर मात्र हिशेब उलटतो, हेही सांगितले पाहिजे. पण ते बिघाड सहाव्या महिन्यानंतर आणि चोविसाव्या महिन्याआधी यायला हवेत, शिवाय 'व्होल्टेजमुळे' असा शेरा न पडता कंपनीने ते मान्य करायला हवेत. एवढे सगळे जुळून येण्यासाठी फीच्या हप्त्याला हात लावावा असे मला वाटत नाही.

म्हणून ताई, माझे मत असे : ही वॉरंटी घेऊ नका.

पण मग निर्धास्त कसे राहायचे?

तुमची धास्ती खोटी नाही. लॅपटॉप मधेच गेला तर लेकीचे वर्ष अडेल, ही भीती कोणाही आईला वाटेल. तिच्यावर उपाय आहे, पण तो पैसे देण्याआधीचा आहे.

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असा व्यवहार आपण बाजारात करीत नाही. बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो, औताला जुंपून पाहतो. तसाच अर्धा तास या यंत्राला द्या. लेकीला पुढे बसवा, तिला हे सारे कळते.

चार्जर काढून अर्धा तास बॅटरीवर चालवा. बॅटरी नवी असताना किती भरत होती आणि आता किती भरते, याचा अहवाल लॅपटॉपच देतो, तो तिला काढायला सांगा. निम्म्यावर आली असेल तर नवी बॅटरी घालून द्या म्हणावे, नाही तर किंमत कमी करा म्हणावे. कीबोर्डचे प्रत्येक बटण दाबून पाहा. पडदा पांढरा करून डाग, रेघा दिसतात का पाहा. पडदा चार वेळा उघडा-मिटा. बिजागरी करकरते का, कवच तिथे चिरले आहे का, ते कळेल. वायफाय, कॅमेरा, आवाज, पेन ड्राइव्ह लावायच्या सगळ्या जागा तपासा. पंखा फार घरघरतो का, तळ फार तापतो का, तेही बघा.

आणखी एक. विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. तेव्हा यंत्र विंडोज ११ रीतसर चालवणारे हवे. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. हे कुठल्याही वॉरंटीत येत नाही आणि मागून दुरुस्तही करता येत नाही.

तळाशी यंत्राचा अनुक्रमांक असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की यंत्र किती जुने आहे आणि कंपनीची मूळ वॉरंटी काही उरली आहे काय हे बहुधा कळते. कार्यालयांतून निघालेल्या काही लॅपटॉपांना मूळची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि तिचे काही महिने शिल्लकही असू शकतात. ते शिल्लक असतील तर तुम्हाला फुकटच लाभ. बिलावर हाच अनुक्रमांक लिहून घ्या. जुन्या मालाच्या बाजारात चोरीची वस्तूही येऊन मिसळते, पक्के बिल ही आपली ढाल आहे.

मग दुकानदाराला सांगा, "४,२०० ची वॉरंटी नको. पण तुमच्या सहा महिन्यांच्या वॉरंटीत काय येते ते बिलावर लिहून द्या, आणि पंधरा दिवसांत मोठा दोष निघाला तर यंत्र बदलून देऊ असेही लिहा." वस्तूवर विश्वास असलेला दुकानदार बहुधा लिहून देतो. तोंडी हो म्हणतो पण लिहायला कां-कूं करतो, त्याच्याकडचा विसार सोडून यावे लागले तरी पुढचे २३,००० वाचले असे समजा. आणि ते सहा महिने लॅपटॉप भरपूर वापरा, कपाटात जपून ठेवू नका. लपलेला दोष असेल तर तो दुकानाच्या वॉरंटीतच बाहेर पडलेला बरा.

राहिले ते ४,२००. ते खर्चून टाकू नका. फीचा हप्ता वेळेवर भरा, आणि त्यानंतर महिन्याला १७५ रुपये लॅपटॉपच्या नावाने वेगळे टाका, डब्यात किंवा पोस्टात. दोन वर्षांत तेवढेच ४,२०० होतात. त्यातून बॅटरी येईल, चार्जर येईल, बिजागरी होईल. हीच तुमची घरची वॉरंटी. तिच्यात व्होल्टेजही वगळलेले नाही आणि उंदीरही नाही. आणि काहीच बिघडले नाही तर पैसे लेकीचेच.

तिसऱ्याच महिन्यात डबा रिकामा असताना काही मोडले तर? म्हणून तर दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी लेखी हवी. आणि लेकीला सांगा, अभ्यासाचे काम दर शनिवारी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवायचे. यंत्र दुरुस्त होते. आत साठवलेले काम गेले तर वॉरंटीवाले ते सहसा भरून देत नाहीत. पावसाळ्यात वीज कडाडू लागली की चार्जरची पिन भिंतीतून काढून ठेवायची. एवढ्या दोन सवयींनी पुष्कळ काही वाचते.

कोणी घ्यावी?

बाकीच्या वाचकांनी मात्र 'वाढीव वॉरंटी कधीच घेऊ नये' असा अर्थ काढू नये. हिशेब ज्याचा त्याचा वेगळा असतो. वॉरंटी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचीच आहे, माणूस घरी येऊन दुरुस्त करतो किंवा केंद्र तालुक्यालाच आहे, पडून फुटणे आणि पाणी सांडणेही धरले आहे, मुदत मूळची संपल्यावर सुरू होते आणि पैसे यंत्राच्या किमतीच्या मानाने थोडे आहेत, अशा वेळी ती जरूर विचारात घ्यावी. या ताईंच्या बाबतीत ४,२०० म्हणजे किमतीच्या साडेसतरा टक्के होतात. जुन्या वस्तूला ते फार झाले. ज्याचा रोजगारच लॅपटॉपवर चालतो आणि एक दिवस बंद पडला तर मिळकत बुडते, त्याचाही हिशेब निराळा.

तसेच ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांनी हळहळत बसू नये. कागद आजच काढून वाचा, तक्रारीचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा, बिल जपा. कागदात धरलेला बिघाड असून कोणी नाकारला तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे, आणि दुकानातून पैसे देऊन घेतलेल्या जुन्या वस्तूचा गिऱ्हाईकही त्यात ग्राहकच. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येते. तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकानाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे. ओळखीच्या माणसाकडून चिठ्ठीवर घेतलेल्या लॅपटॉपला मात्र हा आधार सहसा मिळत नाही, हे ध्यानात ठेवा.

ताई, शेवटी एकच सांगते. तुमच्या पत्रात एक ओळ होती : "कागद इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही, म्हणून मालकांकडे दिला, त्यांनाही समजला नाही." अहो, घरात डिप्लोमाला जाणारी लेक आहे ना! संध्याकाळी ओट्यावर बसा, सासूबाईंनाही बोलवा, आणि तिला तो कागद मोठ्याने वाचून एकेक कलम मराठीत सांगायला लावा. हा लॅपटॉप तिच्यासाठी घेत आहात, तेव्हा व्यवहार तिलाही कळू द्या. ती अडखळेल, दोन शब्द कोणाला तरी विचारावे लागतील. पण पुढच्या वेळी घरात असा कुठलाही कागद आला, विम्याचा असो की कर्जाचा, तर सही करण्याआधी तो वाचणारे माणूस घरातच असेल.

लॅपटॉप घेतलात की कळवा. डब्यात किती जमले तेही कळवा. बाकीच्यांनीही आपापले हिशेब लिहून पाठवावेत, वहीची पाने तुमच्यासाठीच मोकळी आहेत.